सर्व्हरची खंडेनवमी

दसऱ्याच्या सकाळी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यातून काकासाहेबांचा फोन आला, तेव्हाच मी ओळखलं की आज घरचं जेवण गार होणार. केडगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सण हिंदूंचा असो की आम्हा ख्रिश्चनांचा, मशीन नेमकं त्याच दिवशी मान टाकतं. काकासाहेब त्या कारखान्याच्या शेतकी विभागाचे हेडक्लार्क.

"जॉयसर, जूनपासनंच्या ऊसनोंदी गायब हायेत. पोरीनं पार वाटोळं केलं."

पोरगी म्हणजे रोहिणी, कंत्राटी ऑपरेटर. दसऱ्यानंतर हंगामाची नवी ऑर्डर निघाली तर ती राहते, नाहीतर घरी. लागणीच्या तारखेवरून उसाला तोडणीचा नंबर लागतो, आणि त्या सगळ्या तारखा तिनेच टाकलेल्या.

पोचलो तर सर्व्हरला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात नारळ. रोहिणी कोपऱ्यातल्या बाकावर, डोळे सुजलेले.

"काल हा बंद कोणी केला?"

"काकासाहेबच म्हनाले, खंडेनवमीला हत्यार चालवत न्हाईत, त्यालाबी विसावा द्या. मी नीट बंद केला, सर. आज चालू केला तर जूनच्या पुढचं काहीच न्हाई. मला ठेवतील ना?"

अशा वेळी आधी प्यायला पाणी मागावं आणि मशीनकडे बघावं.

डेटाबेस, म्हणजे नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, या मशीनवर दोन निघाले. एक लिनक्सबरोबर आपसूक येणारी जुनी आवृत्ती. दुसरी नवी, प्रोग्राम पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने जूनमध्ये पुण्यात बसून टाकलेली. त्याने जुनी थांबवली, डेटा नवीत नेला, ती हाताने सुरू केली आणि हात झटकले. मशीन बंद होऊन परत उठलं तर हीच सुरू कर, हे सांगायचं राहिलं. एका ओळीचं काम. दुसऱ्यांनी न लिहिलेल्या असल्या ओळी लिहिण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि आता खरंच कंटाळा आलाय. जूनपासून सर्व्हर कधी बंद पडलाच नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही. आज उठला आणि सवयीने जुनीलाच घेऊन बसला.

जुनी बंद केली, नवी सुरू केली, ती ओळही लिहिली. नोंदी परत आल्या. काष्टी, बेलवंडी, मांडवगण असं एकेक गाव उघडून रोहिणी बघत राहिली आणि ओढणीने डोळे पुसत राहिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"काकासाहेब, हिची काडीची चूक नव्हती."

"व्हय, कळलं की. लई उपकार झाले." त्यांनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या." मग आवाज बारीक केला. "पर सकाळीच मी शेतकी अधिकारी साहेबांच्या कानावर घातलं हुतं, पोरीकडनं झालं म्हून. त्यांनी आपल्या भाच्याला बोलावलंय, पार्थला. उद्यापासनं तोच बसंल. आता साहेबांना न्हाई कसं म्हनायचं?"

आवाज बारीक केला तरी खोली ती केवढी. रोहिणीने ऐकलं. तिने सर्व्हरवरचा हार सरळ केला.

"आता बंद करून चालू केला तरी नोंदी राहतील ना, सर?"

"राहतील."

"मग पार्थला तरास न्हाई," ती म्हणाली आणि आपला डबा पिशवीत घातला.

माझ्या हातात ती पानं तशीच होती. ठेवून घ्यावीशी वाटेनात, आणि सणाच्या दिवशी टाकवतही नव्हती.