लगार

आमच्या घरातल्यांना माझं एकच सांगणं असतं, तोंड सांभाळा. पण ऐकतो कोण!

आम्ही गुजर. तापीकाठचं गाव, केळी-कापसाची शेती. आमच्या बोलीत 'लगार' म्हणजे अगदी थोडं, चिमटीत मावेल एवढं. आणि मागायचं ते लगारच, ही आमच्याकडची रीत. दुधाचा कॅन भरून हवा असला तरी म्हणायचं, "लगार दूध आहे का?" मग देणाऱ्यानं म्हणायचं, "लगार काय मागता, भरून न्या!" असं दोन्हीकडून बोललं की कुणाचा पाणउतारा होत नाही.

आमचे हे, प्रेमचंदभाई, या रितीचे पुजारीच. पंगतीत पोटात कावळे ओरडत असले तरी पानावर आडवा हात. "लगार वाढा, लगार." मला मागणी घालायला आले तेव्हाही म्हणाले असतील, लगार मुलगी द्या म्हणून. अख्खी मिळाली हे नशीब त्यांचं.

नात रोशनी त्यांच्याच मांडीवर वाढली. सात वर्षांची, आणि बडबड अशी की विहिरीवरची मोटार चालू असली तरी तिचाच आवाज वर. सून दामिनी लोणखेड्याला शिकवायला जाते, त्यामुळे दिवसभर पोर माझ्याकडे.

चैत्रातली टळटळीत दुपार होती. रोशनी ओट्यावर बाहुलीचं लग्न ठरवत बसली होती. मी आत भाकरी थापत होते. दारात एक बाई येऊन उभी राहिली. साडी साधी, डोईवर पदर. पदरातून पाणी निथळत होतं, पण ओट्यावर थेंब पडत नव्हता.

"कोण गं बाई? पाणी हवंय का?" मी आतून विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीला म्हणाली, "कितलं गोड बोलस वं तू. माले बी लगार दे ना."

रोशनीनं आजोबांचा धडा म्हणून दाखवला. "लगार काय मागते? सगळं घे!" आणि खळखळून हसली.

ते हसू मधेच तुटलं. तोंड उघडं, दात दिसताहेत, आवाज नाही. पिठाचे हात घेऊन मी धावले तर बाई गेलेली, आणि ओटा कोरडा ठाक.

दामिनीनं तिला शहाद्याला नेलं, नंदुरबारला नेलं. घसा चांगला, तपासण्या चांगल्या. मनाचं काही असेल, म्हणे. पोर रात्रंदिवस माझा पदर धरून रडायची. आवाज नसलेलं रडणं बघितलंय कुणी? देव करो आणि वैऱ्यावरही ती वेळ न येवो.

मग एका दुपारी हे केळीच्या बागेतून पळत आले. हातापायांवर काटा उभा.

"रोशनी कुठे आहे?"

"ही काय, माझ्यापुढे झोपलीय."

"मग नदीवर कोण हसतंय?"

पोरीला रजेवर असलेल्या दामिनीजवळ सोडून आम्ही दोघं निघालो. घरातून गेलेली वस्तू घरधन्यानंच परत मागायची असते, म्हणून ह्यांना पुढे घातलं. पण सारी वाट मी बजावत होते, "हे बघा, तुमचं लगार-बिगार आज गुंडाळून ठेवा. सगळं परत दे म्हणायचं. म्हणून दाखवा."

"सगळं परत दे," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. बरोबर म्हणत होते हो!

बॅरेजचा बंधारा झाल्यापासून आमच्याकडे नदी वाहत नाही, नुसती भरून उभी असते. घाटाच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या दिसतात. ती बाई तिथे पाण्यात पाय सोडून पाठमोरी बसली होती आणि स्वतःशीच बोलत होती, रोशनीच्या आवाजात. बाहुलीच्या वऱ्हाडात कोण कोण येणार, ते सांगत होती.

हे पुढे झाले. तिनं वळून बघितलं. "काय हवं, आजोबा?" म्हणाली.

किती दिवसांनी ती हाक त्यांच्या कानी पडली! डोळे भरून आले त्यांचे. दोन्ही हात जोडले गेले, मान खाली गेली, आणि जन्मभराची सवय तोंडातून बाहेर पडली.

"पोरीचं बोलणं, माय... लगार द्या."

"सगळं! सगळं दे!" मी वरून किंचाळले. पण मागायचा मान त्यांचा होता आणि तो वापरून झाला होता. भरून न्या, असं काही ती म्हणाली नाही. तिला कुठली आलीय आमची रीत! मान डोलावली आणि पाण्यात उतरली.

घरी आलो तर रोशनी बोलत होती. पण तिच्या ओठांना कान लावावा तेव्हा ऐकू यावं, एवढंच. दामिनी आनंदानं रडत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते उंबऱ्यातच खाली बसले. आयुष्यभर त्यांना फाडफाड बोललेली मी, त्या दिवशी त्यांच्यापुढे नुसता पाण्याचा तांब्या ठेवला.

तेव्हापासून दुपारी मी घाटावर जाते. मागते, रडते, पाण्याला शिव्या घालते. ती येत नाही.

आज मात्र जेवणं चालू असताना नदीकडून हाक आली. "रोशनी, ए रोशनी, खेळायला ये ना!" आवाज रोशनीचाच, खणखणीत.

पोर ताटावरून उठली. माझ्या कानाला ओठ लावले.

"आजी, मी तिकडे जास्त आहे. जाऊ?"

मी तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलंय. ती दाराकडे ओढतेय, आणि एवढ्याशा जिवात एवढं बळ कुठून आलं, मला कळत नाही. आमचे हे ओट्यावर उभे राहून नदीकडे तोंड करून ओरडतायत, "सगळं दे! सगळं दे गं माय!"

आता ओरडतायत.