बशीतली बीअर

चढत नाही ती बीअर प्यायची कशाला, असं मला आजवर कितीतरी पुरुषांनी विचारलं. लिंबाच्या सरबताबद्दल असं कुणी विचारत नाही. सरबत चवीसाठी पितात, चहा तरतरीसाठी, मठ्ठा जेवण उतरावं म्हणून. बीअर मात्र माणूस आडवा झाला तरच खरी! हा कायदा कुणी केला मला ठाऊक नाही, पण १९७४ साली त्याने आमच्या घरचं एक चांगलं काम बुडवलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मंगळवार पेठेत आमचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक गॅसचं यंत्र आणि गोटीच्या बाटल्या. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान पिराजीराव, लग्नाआधी आठ वर्षं उत्तरेत, डोंगरातल्या एका बीअरच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने कामगारांना दुपारी प्यायला एक वेगळी बीअर बसवली होती. हलकी, कडू आणि सुगंधी. दोन ग्लास पिऊन माणूस पुन्हा शिडीवर चढायचा आणि पाय घसरायचा नाही. मालकांच्या डोक्यात तीच बसली होती.

"डोक्यात हाणणारी कुणीबी करंल," ते म्हणायचे. "हलकी करून दावा म्हणावं. हलकीत चूक लपत न्हाय."

ते खरंच होतं. मसाल्याच्या आमटीत करपलेलं लपतं, साध्या वरणात लपत नाही.

त्या बीअरला हॉप्स नावाची वाळकी फुलं लागतात. ती आमच्या माहितीत एकाच माणसाकडे मिळत, नबीलाल बेकरीवाल्यांकडे. पावाचं खमीर आंबून बिघडू नये म्हणून ते त्यात या फुलांचा काढा घालत. हिरवट, कागदासारखी हलकी फुलं. तळहातावर चोळली की संत्र्याच्या सालीचा आणि कापलेल्या गवताचा वास यायचा. मालक सातू, म्हणजे जव, भिजवून पोत्यावर मोड आणायचे, मंद आचेवर वाळवून भरडायचे आणि गरम पाण्यात मुरवायचे. ते गोडसर पाणी गाळून तांब्याच्या हंड्यात उकळायचं. निम्मी फुलं उकळताना टाकायची, कडूपणासाठी. गार झालं की खमीर घालून पिंपात आंबवायचं आणि उरलेली फुलं फडक्यात बांधून त्यात सोडायची, वासासाठी.

नबीलालभाईंनी उभ्या जन्मात बीअरचा थेंब तोंडात घेतला नाही. पण आपल्या फुलांचं काय झालं ते बघायला प्रत्येक पिंपाशी येऊन उभे राहायचे.

"वास घ्यायला कुणी बंदी केलीया व्हय, वैनी?" म्हणत वाकायचे, डोळे मिटायचे. "फुलं जित्ती हायत," असं म्हणाले की आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो.

आणि चव कोण बघायचं? मालकांच्या गालात सकाळपासून तंबाखू आणि चुना. भाजीत मीठ पडलं नाही तरी त्यांना कळायचं नाही. चव मी बघायची, दाराआड उभी राहून, चहाच्या बशीत. बशीत ओतली की वास पसरतो आणि रंगही दिसतो. "आज सातू करपलाय," मी सांगायची. "फुलं जरा कमी करा." ते तसं करायचे. ही गोष्ट आम्हा दोघांना आणि नबीलालभाईंना सोडून कुणाला माहीत नव्हती. सोडावाल्याची बायको बीअर चाखते म्हटल्यावर पेठेने मला पाणवठ्यावर उभं केलं नसतं.

तिसरं पिंप जमलं. कडूपणा कारल्यासारखा चिकटून बसायचा नाही. जीभ पुसून निघून जायचा आणि मागे मोसंबीच्या सालीचा वास ठेवायचा. तांबड्या रश्श्यानंतर एक घोट घेतला की तोंड धुतल्यासारखं व्हायचं, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागायचा. दारूने बधिर झालेल्या तोंडाला कुठला रस्सा आणि कुठलं काय!

विकायची तर परवाना हवा, आणि तो मिळवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. राजारामपुरीत परमिट रूम चालवणारे हंबीरराव म्हणाले, "कागद माझ्याकडं लागले. बाटलीवर नाव तुमचं घालू, पिराजी म्हणून. आधी माझ्या धा-बारा पावण्यांस्नी पाजून बघू." आपलं नाव बाटलीवर येणार म्हणून मालकांनी त्या आठवड्यात बाटल्या तीनतीनदा धुतल्या. शनिवारी दोन डझन भरून, गोट्या बसवून पोचत्या केल्या.

रविवारी दुपारी हंबीररावांच्या अंगणात मटण शिजत होतं. मी आत त्यांच्या बायकोला, तानाबाईंना, भाकऱ्या थापू लागत होते. बाहेर एकच गलका उठला. कुणी टाळ्या पिटत होतं, कुणी गाणं धरलं होतं.

"आरं, ही बीअर हाय का तोफ!"

"पिराजीराव, मानलं तुमास्नी!"

माझा भाकरीवरचा हात थांबला. आमच्या बीअरने असा गलका व्हायचा नाही. कोपऱ्यात पाहिलं तर आमच्या चोवीसही बाटल्या रिकाम्या.

"तानाबाई, एवढ्यात सगळ्या संपल्या?"

"संपत्यात कुठल्या? आमच्या मालकांनी सकाळीच फोडल्या की. घागरीत ओतून बरफ घातला." त्यांनी भाकरी उलटली. "आन् त्यात ते दुसरं. नुसती चढत न्हाय म्हनत हुते."

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाहुणे घरी चालत सरळ गेले तर यजमान कंजूस, ही आमच्याकडची रीत. मी बशी घेतली, मागच्या दाराजवळच्या घागरीतून घोटभर ओतली. फेस नाही. वास नाही. घशात नुसता जाळ. तीन महिने जपलेली मोसंबी कुठल्या कुठे गेली होती.

दारातून बाहेर पाहिलं. मालक खुर्चीवर बसले होते, हातात तोच ग्लास, गालात तंबाखू. घोट घेत होते आणि हसत होते. लोक पाठ थोपटत होते. स्वतःच्या हाताने केलेली बीअर मेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

गप्प बसले तर परवाना घरात येणार होता. पण बाटलीवर आमचं नाव आणि आत ही घाण. बोलले तर चारचौघांत नवऱ्याची अब्रू जाणार, माझी तर जाणारच. मी पदर खोचला आणि बशी घेऊन बाहेर गेले.

"ही आमची बीअर न्हवं," मी म्हणाले. "ह्यात दारू घातलीया."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग हंबीरराव हसले. "वैनी, तुम्ही भाकरीचं बघा. बाईमाणसाला बीअरची चव कवापासनं कळाय लागली?"

"पयल्या पिंपापासनं. मीच चाखती."

कुणीतरी "आयला!" म्हणालं. कुणीतरी खाली बघितलं. नबीलालभाई तेवढ्यात पावाची पाटी घेऊन फाटकातून आत येत होते. मी बशी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाटी खाली ठेवली, वाकले, डोळे मिटले आणि झटक्यात मान मागे घेतली.

"फुलं मारली की ओ. नुसता इस्पिरिटचा वास हाय."

"वा!" हंबीरराव म्हणाले. "एक बाई आन् एक न पिणारा. दोघं मिळून आमाला बीअर शिकवाय लागले! आवो, बारा मानसं खूश हायत. पिराजीराव, तुम्ही सांगा. ही तुमची हाय का न्हाय? तुम्ही व्हय म्हना, उद्याच कागद टाकतो."

मालकांनी तंबाखू थुंकली, चूळ भरली, पुन्हा एक घोट घेतला. तोंडात घोळवला. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला दिसत होतं, त्यांना काही म्हणता काही लागत नव्हतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मला कळत न्हाय," ते म्हणाले. "तिला कळतंय. ती न्हाय म्हनती, म्हंजे न्हाय."

"मग परवाना बी तिच्या बशीतच मागा," हंबीरराव म्हणाले, आणि सगळं अंगण खदखदलं.

आम्ही रिकाम्या बाटल्यांची खोकी उचलून चालत घरी आलो. वाटेत ते माझ्या पुढे भराभर चालत राहिले. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. घरी आल्यावर त्यांनी कमरेची तंबाखूची चंची काढली आणि गटारात फेकली.

पुढचा महिना कसा गेला ते विचारू नका. चहा गार म्हणून भांडले, यंत्र कुरकुरतं म्हणून भांडले, एकदा तर पावसाशी भांडले. मग एक दिवस न बोलता सातू भिजवला. चौथं पिंप तयार झालं तेव्हा माझी बशी स्वतः मागून घेतली, ओट्यावर बसले आणि प्यायले.

"आयला, कडू हाय की गं!"

"मग? तीन महिने मी काय सांगत हुते?"

त्यांनी दुसरा घोट घेतला. बराच वेळ गिळलाच नाही.

"ह्यात मोसंबी कुणी पिळली?"

"कुणी न्हाय. ती फुलं हायत."

त्यांनी बशी पुन्हा पुढे केली. चौथं पिंप आम्ही दोघांनीच संपवलं. परवाना आलाच नाही, आणि आम्ही पुन्हा सोडाच विकत राहिलो.

पण राग तेवढ्याचाच नाही. त्या रविवारचे पाहुणे पुढे वीस वर्षं लग्नाकार्यात भेटायचे आणि मोठ्या कौतुकाने सांगायचे, "वैनी, पिराजीरावांची बीअर म्हंजे काय कडक हुती! एका ग्लासात गार!" ते भलं बोलत होते, तरी मी कधी ऐकून घेतलं नाही. प्रत्येकाला तोंडावर सांगितलं, ती आमची नव्हे. आमची तुम्ही प्यायलाच नाहीत.