प्लोयने मला ओलांडले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. जुना म्हणा, चालेल. मोडका म्हणालात तर राग येईल. बँकॉकच्या नदीपलीकडे, थोनबुरीतल्या एका नाचघरात मी कामाला लागलो. सतरा वर्षांची ओरापिन माझ्यापुढे गायला उभी राहिली आणि पहिल्याच सुराला माझ्या अंगावर काटा आला. लोक तिला मोगऱ्याचे हार घालत. त्यातला एक ती मला घाली. आमच्याकडे गाण्याबजावण्याच्या वस्तूला गुरू मानतात.

पुढे नाचघर बंद पडले. ओरापिनने मला घरी नेऊन रेशमी कापडात गुंडाळून ठेवले. कित्येक वर्षे मला कोणी विचारले नाही.

परवा प्लोय आली. ही ओळखीतली पोरगी संगणकावर गाणी रचते. तिला जुन्या थाटाचा व्हिडिओ करायचा होता. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही टिकल्यांचा झगा घालून माइकपुढे नुसते ओठ हलवा. आवाज मी यंत्राचा घालते."

ओरापिन हसली, पण माझी जाळी उगाच पुसत राहिली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला एकदा, एकदाच, स्वतःच्या आवाजात गायचे होते. ते बोलून दाखवायची तिला लाज वाटली.

शूटिंगच्या दिवशी काय तो झगमगाट! आणि अबब, एवढ्याशा डबीतून शंभर ढोलांचा आवाज! मी जमिनीवर ठेवलेला, थक्क होऊन ऐकत होतो. तेवढ्यात घाईघाईत प्लोय मला ओलांडून गेली. कॅमेरावाल्या पोरांनी जीभ चावली.

"अगं कार्टे, गुरूला ओलांडलंस?" ओरापिन कडाडली. "हेच शिकवलं का आईनं?"

प्लोयचा चेहरा पडला. तिने गुडघे टेकले, हार मागवून मला घातला आणि हात जोडले. "चुकले हो मावशी."

"नुसत्या हाराने भागत नाही. गुरूपुढे गावं लागतं."

"मला बटणं दाबता येतात, गाता कुठं येतं? तुम्हीच गा ना!"

प्लोयने माझी तार यंत्राला जोडली. ओरापिन गायली. तिचा सूर चिरकला, मीही खरखरलो. वाटले, आता सगळे हसणार. कोणीच हसले नाही. प्लोयने हलकेच आमच्या सुराखाली आपला ठेका धरला आणि, काय सांगू मित्रांनो, साठ वर्षांपूर्वीचा तोच काटा पुन्हा माझ्या अंगावर आला.

गाणे संपल्यावर प्लोय डोळे पुसत म्हणाली, "तो यंत्राचा आवाज काढून टाका रे."

"अगं, फाटलाय गं माझा आवाज."

"असू दे. हाच हवाय."

मित्रांनो, तुमच्याही घरी जुन्या वस्तू असतील, जुनी माणसेही असतील. त्यांना पुसा, सजवा, हार घाला. पण एकदा तार जोडूनही बघा.