कीडाजडीतले भाडेकरू

दगडाबाईंनी दुधात चमचाभर पांढरी पूड घातली आणि ते ढवळायला घेतलं, तेव्हा साधनाने हातातला घास ताटात ठेवला. तिने विचारलं, ही कसली पूड.

"आमच्या विक्रमची कीडाजडी. दौंडच्या डाक्टरचं औषध खाऊन कटाळले बघ, दम काय जाईना. म्हनला, आजपासनं माझं घे." म्हातारीला लेकाचं कोण कौतुक.

विक्रम फराटे समोरच जेवत होता. शिरूरजवळच्या औषध कंपनीत तो साधनाचा साहेब. बढती मिळाली म्हणून सगळ्या लॅबला त्याने मांडवगणला घरी जेवायला बोलावलं होतं. बाकीची मंडळी हात धुऊन अंगणात बसली होती. ही बढती त्याने साधनाच्या ताटातून उचलली होती.

कीडाजडी म्हणजे हिमालयातली अळी. तिच्या अंगात बुरशी शिरते, तिला आतून खाऊन टाकते आणि डोक्यातून काडीसारखी वर येते. मोल आहे ते त्या बुरशीला. पण त्याच अळीच्या पोटात दुसऱ्याही बुरश्या बिऱ्हाड करून असतात. काळ्या, हिरव्या, कापसासारख्या. काचेच्या बशीत लावलं की आधी हे भाडेकरूच फोफावतात आणि खरी मालकीण कोपऱ्यात अंग चोरून बसते. तिला गारवा लागतो, वेळ लागतो. केंदूरच्या मेंढपाळाच्या या नातीकडे चिकाटी भरपूर होती. एकेक भाडेकरू हाकलत साधनाने खरी बुरशी वेगळी काढली. नाव मात्र विक्रमचं लागलं आणि तिला बाटल्या उकळायला बसवलं.

ती रडली नाही. खरी बुरशी असलेली नळी तिने गुपचूप केंदूरला घरच्या फ्रीजमध्ये ठेवली आणि विक्रमच्या नळीत एक पांढरा भाडेकरू लावून टाकला. कोवळेपणी दोन्ही सारख्याच दिसतात. कधीतरी बाहेर तपासणी होईल, साहेबाची चारचौघांत नाचक्की होईल, या आशेवर ती शिरूरच्या खोलीत सुखाने झोपत होती. विक्रम त्याच नळीतली बुरशी वाढवून, वाळवून आईला देईल, म्हातारी मध्ये येईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तो भाडेकरू पोटात जाऊन काय करतो, ते कुणीच तपासलं नव्हतं.

कप दगडाबाईंच्या ओठांना लागणार, तोच साधनाने तो काढून घेतला.

"ही खरी न्हाई, मावशी. खरी माझ्याकडं हाय. सरांच्या नळीत मीच दुसरी भरली."

विक्रम ताडकन उठला. नोकरीवरून काढीन, पोलिसात देईन, असं बरंच काही बोलला. साधनाने कप आपल्या ताटामागे सरकवला.

"द्या की. पण आधी आईंना सांगा, खरी कुणी काढली ते."

दगडाबाई लेकाकडे बघत राहिल्या. त्या नजरेपुढे त्याचं काही चाललं नाही.

"हिनं काढली," तो ताटाकडे बघत म्हणाला.

साधनाला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. एवढ्यासाठी तिने दिवस काढले होते. दगडाबाईंनी उठून दूध मोरीत ओतलं.

"मग तुझीच दे, पोरी. तुझ्या हातची घेईन. ह्यो कप धुऊन ठिवते."

साधना तशीच एसटीने केंदूरला गेली. घरात अंधार होता. आई म्हणाली, उन्हाळा लागल्यापासून दिवस दिवस लाइट नसते, फ्रीजमध्ये लोणीसुद्धा टिकत नाही. साधनाने मागे दडवलेला डबा काढला आणि नळी कंदिलासमोर धरली.

आत हिरवंगार झालं होतं. सगळे हाकलले असं तिला वाटलं होतं, पण एक जण आतच दबा धरून होता आणि उकाड्यात त्याने घर बळकावलं होतं. लॅबमध्ये खरीचा एक धागाही उरला नव्हता. नळ्या बदलताना तो तिनेच पुसला होता.

साधना नळी हातात घेऊन बसून राहिली. मांडवगणला म्हातारीने एव्हाना कप धुऊन पालथा घातला असेल.