पिकअपच्या हौद्यातली तीन मिनिटं

आर्टी टिकनर मरताना दोन पोरांमध्ये एक भांडण ठेवून गेला, आणि तेही चामड्याचं. तरुणपणी तो जत्रांमधल्या तंबूंत गावोगाव मुष्टियुद्ध खेळायचा. त्याची एकुलती एक इस्टेट म्हणजे स्पीड बॅग. पपईएवढी, कांगारूच्या कातड्याची, हवा भरलेली. डोक्यावरच्या गोल फळीखाली टांगायची आणि गुद्दे मारून वाजवायची. "जो न चुकता तीन मिनिटं वाजवील, त्याची," एवढं बोलून म्हातारा गेला.

फुलं सुकायच्या आत थोरल्या केल्विनने ती आपल्या गॅरेजात नेऊन टांगली. दोन वर्षं धाकट्या व्हर्नाने त्याबद्दल विषय काढला नाही. मग एका रविवारी आईकडे जेवताना तिने विचारलं, "काय रे, तू वाजवलीस का कधी तीन मिनिटं?"

"मी मुलगा आहे. मला कसली परीक्षा?"

"मग मी देते."

केल्विन असा हसला की ग्रेव्ही शर्टावर आली. "तू? शाळेच्या कँटीनमध्ये सॉसेज रोल विकणारी? अगं, हात बघ स्वतःचे!"

आई चौऱ्याऐंशीची, पण कान शाबूत. "वीस जुलैला आर्टीचा वाढदिवस," ती म्हणाली. "त्या दिवशी होऊन जाऊ दे. घड्याळ केल्विन धरील, निकाल मी देईन. आता बटाटे इकडे करा."

व्हर्नाला ती बॅग मनापासून हवी होती. बापाने तिला कधी हात लावू दिला नव्हता. मुलींची बोटं बिघडतात म्हणे. मागच्या पायरीवर बसून तिने बारा वर्षं नुसता आवाज ऐकला होता. एका गुद्द्याला तीन ठोके: फळीला पुढे, मागे, पुन्हा पुढे. चूक झाली की तिला तेव्हाही कळायचं, पण विचारतो कोण?

सरावासाठी तिने एक जुनी बॅग पैदा केली. राहिली फळी. मोडीत निघालेल्या स्वयंपाकाच्या ओट्याचं जाड लाकूड तिने गोल कापलं, दोन थर चिकटवले, कड घासून गुळगुळीत केली. पण टांगायची कुठे? घर भाड्याचं, आणि घरमालक असा की भिंतीत खिळा ठोकला तर त्याच्याच छातीत गेल्यासारखा ओरडेल. तिने मागच्या शेडमध्ये चौकट उभी करून पायाशी वाळूची पोती ठेवली. चार गुद्द्यांत चौकट शेडभर चालायला लागली.

शेवटी तिने आपल्या पिकअपकडे पाहिलं. केबिनमागे शिड्या बांधायचा लोखंडी सांगाडा होताच. फळी त्यावर चार बोल्टांनी आवळली आणि बाई हौद्यात उभी राहिली.

पहिल्याच गुद्द्याला बॅग परत येऊन नाकावर बसली. कारण साधं होतं: खाली स्प्रिंगा. तिने मारलं की गाडी दबायची, फळी खाली यायची, बॅग भलत्याच वेळी परतायची. शेजारचा डर्मट कुंपणावर कोपर टेकून रोज सल्ला द्यायचा. "व्हर्ना, माश्या मारतेयस का?"

"एक मोठी कुंपणावर बसलीय, तिचा नंबर नंतर."

महिन्याभराने तिने गाडीशी भांडणं सोडलं. गुडघे सैल ठेवायचे, गाडीबरोबर डुलायचं, सरळ ठोसा न मारता मुठीची करंगळीकडची बाजू वरून खाली आणायची, दोन उजवे, दोन डावे, आणि मध्येच एक कोपर. दिसायला बदक चालल्यासारखं दिसायचं. पण ठोके मोजून तीन पडायचे.

वीस जुलैला केल्विनने मोठ्या अदबीने गॅरेजचं दार उघडलं. व्हर्नाने वर पाहिलं. बॅग तिच्या कपाळाच्याही वर. भिंतीवर फळीच्या वीतभर खाली चार रिकामी भोकं होती.

"वर घेतलीस?"

"माझी उंची सहा फूट. माझं गॅरेज."

व्हर्ना बाहेर गेली आणि पिकअप मागे घेत दारापर्यंत आणली. केल्विन हौद्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "वा! नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अंगण तूच वाकडं केलंस," आई खुर्चीतून म्हणाली. "ती भोकं मला दिसतात. काढ बॅग, दे तिला."

"पण आई, पाय जमिनीवर पाहिजेत! असं कुठं असतं का?"

"तुझा बाप तंबूबाहेर उंच फळीवर उभा राहून वाजवायचा, गर्दी जमवायला. जमिनीवर उभा असता तर मला दिसला असता का? आणि मग तू तरी कुठून आला असतास?"

केल्विनने बॅग सोडवून दिली, व्हर्नाने ती हौद्यातल्या फळीखाली टांगली, आणि त्याने खिशातून घड्याळ काढलं.

कांगारूचं कातडं हलकं. जुन्या बॅगेपेक्षा दुप्पट वेगाने परतायचं. पहिल्या दहा सेकंदांत व्हर्नाचा ठोका दोनदा चुकता चुकता राहिला. मग गाडी डुलायला लागली, गुडघे सैल झाले, आणि मागच्या पायरीवर ऐकलेला आवाज तिच्या स्वतःच्या हातांतून निघाला. तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. आई खुर्चीच्या दांडीवर ठेका धरून होती.

खांदे शिशाचे झाले. तीन मिनिटं एवढी मोठी? तिने तिरक्या नजरेने खाली पाहिलं. केल्विन घड्याळाकडे बघतच नव्हता. तो हौद्याला हात लावून उभा होता, मान खाली, डोळे गच्च मिटलेले, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"केल्विन!" आई ओरडली. "वेळ कधीच संपली. चार मिनिटं झाली असतील."

"माहितीये मला," तो म्हणाला. "जिंकली ती. व्हर्ना, थांबू नकोस गं. अजून थोडं वाजव."

चोपन्न वर्षांत भावाचं एकही न ऐकलेली व्हर्ना वाजवत राहिली.