फ्रिजमधला जेवणाचा डबा

मी एक जुना फ्रिज आहे. पण मित्रांनो, माझ्या पोटात दूध, लोणी, फळं असलं काही शोधू नका. मी एका दवाखान्यातल्या औषधांच्या खोलीत उभा असतो आणि थंडाव्याशिवाय नासणारी औषधं सांभाळतो. कारखान्यातून निघालो तेव्हा तिथल्या मिस्त्रीनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा, थंड डोक्यानं काम कर." एवढ्या शिदोरीवर मी इथं आलो. माणसांविषयी मला कुणी काहीच शिकवलं नव्हतं, आणि तिथंच माझी पंचाईत झाली.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. खोलीतले औषधवाले काका रोज सकाळी माझा तापमानाचा काटा बघत आणि ओल्या फडक्यानं मला पुसत. पुढं माझ्या बुडाशी गंज चढला, दार सैल झालं आणि जो तो मला गुडघ्यानं ढकलू लागला. तरी काका म्हणत, "म्हातारा कुरकुरतो, पण कामाला पक्का आहे."

मग एका इंजेक्शनची टंचाई पडली. काही मुलांना घसा दुखून ताप येतो आणि त्यातून हृदयाचा आजार जडतो. त्यांना ते इंजेक्शन दर महिन्याला टोचावं लागतं. चुकलं, तर ताप उलटू शकतो आणि हृदय आणखी दुखावतं. माझ्या मधल्या फळीवर त्याच्या बाटल्या ओळीनं बसलेल्या असायच्या. बघता बघता फळी रिकामी झाली.

फळी रिकामी झाली, पण मी मात्र रिकामा नव्हतो. मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर एक स्टीलचा डबा आणून माझ्यात ठेवू लागल्या.

"सिस्टर, औषधांच्या फ्रिजमध्ये जेवण ठेवायचं नाही, किती वेळा सांगू?" काका करवादले.

"राहू द्या हो. उकाड्यानं भाजी आंबते."

"ती भाजी तुम्ही खाताना कधी दिसत नाही."

"तुमचं लक्ष औषधांवर असू द्या काका, माझ्या भाजीवर नको."

डब्यात भाजी नव्हतीच. त्यात त्याच इंजेक्शनच्या बाटल्या होत्या. आणि काका तरी कुठं मागं होते? त्यांनीही दोन-चार बाटल्या कापसात गुंडाळून खालच्या खणात, रिकाम्या खोक्यांच्या आड सारल्या होत्या.

मी पार चक्रावून गेलो. यांना चोर म्हणावं, तर स्वतःसाठी कुणीच काही नेत नव्हतं. सिस्टर डबा उघडून पुटपुटत, "माझ्या वॉर्डातल्या पोरांपुरतं आहे." काका खण ओढून म्हणत, "अगदीच अडलेलं कुणी आलं तर असू दे." चांगली माणसं औषध का लपवतात, हे कोडं मला सुटेना.

एके दिवशी खिडकीशी एक बाबा आपल्या मुलीला घेऊन आले. तिला ते बिट्टी म्हणत होते.

"ते इंजेक्शन संपलं," काका म्हणाले. "बाहेर दुकानांत बघा."

"सगळी दुकानं पालथी घातली, दादा. त्याऐवजी गोळ्या दिल्या तर हिच्या पोटात ठरत नाहीत. मागच्या महिन्याचं चुकलं. आता हेही चुकलं तर..." बाबांनी बाहीनं डोळे पुसले.

बिट्टी मात्र खुशीत होती. "नाहीये ना? मग चला घरी."

जिला हवं ती हसतेय आणि बाप रडवेला झालाय. मी आणखीच गोंधळलो.

तेवढ्यात कापूस न्यायला सिस्टर आल्या. त्यांनी विचारलं, "कुठल्या वॉर्डातली ही?"

"कुठल्याच नाही, ताई. बाहेरून आलोय."

सिस्टरांनी माझं दार उघडलं, डबा उचलला, परत ठेवला. "उद्या माझ्या वॉर्डातलं पोर अडलं म्हणजे?" हे त्या कुणाला विचारत होत्या, मला कळलं नाही. मग स्वतःच म्हणाल्या, "ही तर आजच अडली आहे," आणि डबा टेबलावर उघडून ठेवला.

काका डब्यात बघत राहिले. "भाजी बरी झाली आहे," एवढंच बोलले. मग वाकले आणि खोक्यांमागून कापसाचं बोचकं काढून डब्याशेजारी ठेवलं.

"आणि मला बोलत होतात," सिस्टर म्हणाल्या.

बिट्टीला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. त्या आठवड्यात बाकीच्या वॉर्डांतले लोकही ओशाळत आपापल्या लपवलेल्या बाटल्या घेऊन आले. आता सगळ्या बाटल्या मधल्या फळीवर असतात आणि कुणाला आधी द्यायची ते डॉक्टर ठरवतात. ज्यांना गोळ्या चालतात त्यांना गोळ्या मिळतात. एक गृहस्थ सर्दीसाठी "मलाही एक टोचा" म्हणून अडून बसले. डॉक्टर म्हणाले, "सर्दीला याचा काही उपयोग नाही. घरी जा, विश्रांती घ्या." ते रागावून रिकाम्या हातानं गेले, आणि डॉक्टर म्हणतात की त्यांच्यावर योग्य तेच उपचार झाले. नवा साठा येईपर्यंत बाटल्या कशाबशा पुरल्या. लपवल्या होत्या तेव्हा त्याच कशा पुरत नव्हत्या, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

बिट्टी दर महिन्याला येते आणि आधी माझ्याकडे डोळे वटारून बघते. तिच्या मते सगळा त्रास माझ्याच पोटातून निघतो. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे: साध्या सर्दीला इंजेक्शनचा हट्ट धरू नका, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध अर्धवट सोडून उरलेलं कपाटात दडवू नका. बिट्टी पुढच्या महिन्यातही यायची आहे. तेव्हा माझ्या फळीवर तिची बाटली असू द्या. मग तिनं कितीही डोळे वटारले तरी चालेल.