दोन दिवसांचा टीव्ही

आमच्या घरात कुणी हळू बोललं की मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघते. ताप असल्याशिवाय आमच्यात कुणी हळू बोलत नाही. लग्न होऊन चिपळूणहून आंबिवलीला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूसासऱ्यांचं आमटीवरून जुंपलेलं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं चला, आपल्यातलीच माणसं आहेत.

आमचे हे, म्हणजे प्रभाकर, कोलशेतला कारखान्यात फिटर होते. दिवसभर तिथे मशीनवर ओरडायचे आणि उरलेलं घरी आणायचे. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. शेजारच्या भीमाबाई म्हणायच्या, "शेवंती, तुमचा आवाज बंद झाला की मी समजते, गावाला गेले. कुरिअरवाल्याला तसंच सांगते."

दीड वर्षापूर्वी ह्यांना लकवा मारला. जीव वाचला, पण उजवा हात लोंबता राहिला, उजवा पाय फरपटायला लागला आणि जीभ जड झाली. एवढा बोलका माणूस, पण आता एकेक शब्द विहिरीतून पाणी ओढावं तसा वर यायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं, "काकू, यांना चालतं ठेवा. एकदा खाट धरली की मग उठणं कठीण आहे." तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर. काय वाटेल ते होऊ दे, ह्या माणसाने खाट धरता कामा नये.

आता ह्यांना उठवायचं कुणी? मी सांगितलं की मुद्दाम उठायचे नाहीत. सून ऐश्वर्या गोड बोलून बघायची, तिलाही दाद नाही. ह्यांना उठवायचा तो आमचा जुना टीव्ही.

आमचा ऋतुराज बालवाडीत होता तेव्हा घेतलेला. एकवीस इंची, पोट सुटलेला, ट्रॉलीवर ऐसपैस बसलेला. वर मी विणलेला रुमाल. समोर खाली बटणांची ओळ, आणि ट्रॉलीच्या खालच्या फळीवर केबलचा डबा, त्यालाही बटणं. ह्यांच्या डाव्या हातात काठी, मग रिमोट धरणार कशाने? पण फिटरच तो, गप्प बसतोय होय! आतल्या खोलीतून पाय ओढत बाहेर यायचे, सोफ्याच्या हाताला कंबर टेकवायची, काठी उचलायची आणि खालच्या रबरी बुचाने नेमकं बटण दाबायचं. टीव्ही लागला की आमच्याकडे असे बघायचे जणू वीज ह्यांनीच शोधलीय. त्यात जाहिराती लागल्या की चॅनल बदलायचाच, हा जुना बाणा. बसले की जाहिरात, जाहिरात की उठ. त्या टीव्हीवाल्यांनी जेवढ्या जाहिराती दाखवल्या तेवढा माझा नवरा चालला. मी किचनमधून ओरडायची, "अहो, एका जागी बसा की, डोकं फिरायची वेळ आलीय!" आणि मनात म्हणायची, दाखवा रे अजून दोन.

पण टीव्हीचंही वय झालेलं. एका कोपऱ्यात रंग जांभळा झाला. बातम्या देणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा वांग्यासारखा दिसायचा. ऋतुराज म्हणाला, "आई, ह्याचे पार्टच मिळत नाहीत आता. ऑनलाइन सेल लागलाय, त्रेचाळीस इंची घेऊन टाकू. फ्लॅट, स्मार्ट. बाबांना पण मोठं दिसेल." पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. मलाही वाटलं, बरंच होईल, सगळ्यांच्या घरी आलेत. नव्याची नवलाई कुणाला नको असते?

भंगारवाला आला आणि जुना टीव्ही हसत हसत खांद्यावर मारून घेऊन गेला. केबलचा डबा परत केला, आता म्हणे सगळं वायफायवर. नवा टीव्ही खोक्यातून निघाला तर पाटासारखा चपटा. मला शंकाच आली, ह्यात माणसं मावतात कुठे? भिंतीवर टांगायला आलेल्या माणसाला मी म्हटलं, "वर लाव बाबा, अजून वर. आमच्या सान्वीचा बॉल लागायचा." सान्वी माझी नात, दुसरीत आहे, घरात क्रिकेट खेळते.

ह्यांनी नव्या टीव्हीकडे खालून वर, वरून खाली पाहिलं. म्हणाले, "बटणं?"

"बटणं नसतात आता बाबा," ऋतुराज म्हणाला. "तोंडाने सांगायचं. बोला, टीव्ही, बातम्या लाव."

हे बोलले. जड जिभेने, पण बोलले. टीव्ही म्हणाला, पुन्हा बोला. हे पुन्हा बोलले. टीव्हीचं तेच, पुन्हा बोला. मग सान्वीने टुणकन उडी मारून सांगितलं आणि बातम्या लागल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी चिरत होते. हे नेहमीप्रमाणे बाहेर आले. मला बरं वाटलं, म्हटलं सवय मोडली नाही. टीव्हीच्या खालच्या कडेला एक बारका लाल दिवा असतो. जिथे दिवा तिथे बटण, हा ह्यांचा जन्माचा हिशोब, कारखान्यातही आणि घरातही. सोफ्याला कंबर टेकवली, काठी उचलली, पण टीव्ही वर! मीच टांगायला लावलेला वर. हात ताणला, तोल गेला, आणि सगळा भार काठीवर आला. पापड मोडल्यासारखा आवाज झाला. मी धावत आले तर हे सोफ्यावर पडलेले आणि टीव्हीच्या काचेवर कोळ्याचं जाळं, त्यातून काळी शाई पसरत चाललेली.

ऋतुराज कामावरून आला. बघितलं आणि म्हणाला, "असू दे बाबा. होतं असं." ऐश्वर्या म्हणाली, "असू दे बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?" सान्वीसुद्धा गप्प, तिला आईने डोळ्यांनी दटावलेलं. आणि मी? कपाचा कान तुटला म्हणून ह्यांच्याशी आठवडाभर भांडलेली मी! मी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ द्या हो." हे माझ्याकडे बघत राहिले. त्या वेळी मला वाटलं, आपण किती समजूतदार झालो.

सकाळी मितेशला बोलावलं. जुन्या टीव्हीचा आमचा ठरलेला मेकॅनिक. पूर्वी आला की फरशीवर पेपर पसरायचा, टीव्हीचं पाठाड उघडायचा, दोन चहा प्यायचा, आणि हे शेजारी बसून त्याला उगाच सल्ले द्यायचे. दोघांची वादावादी व्हायची. ह्या वेळी मितेशने चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातूनच बघून म्हणाला, "काकी, पॅनल गेला. पॅनलच्या भावात नवीन टीव्ही येतो. ह्याला रिपेअर नाय, फेकायचा न दुसरा घ्यायचा." त्याने आता मोबाइल कव्हरचं दुकान टाकलंय, टीव्हीची कामं येतातच कुठे म्हणाला. हे आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते.

भंगारवाल्याला हाक मारली तर तो हात लावेना. "इसमें क्या है मौसी? खाली प्लास्टिक." म्हटलं, मग आमचा जुना तरी परत दे रे बाबा, रंग जांभळा असू दे. तर म्हणे त्याच दिवशी फोडला, तांबं काढून घेतलं. मला त्या तिथे रस्त्यात रडू यायला लागलं. मेल्या टीव्हीसाठी कोण रडतं? पण आलं. घरी येऊन नवा टीव्ही जिन्याखाली तोंड भिंतीकडे करून ठेवला. दोन दिवसांचा टीव्ही, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

आणि ह्यांनी खाट धरली.

काठी पलंगाखाली लोटून दिली. बाथरूमपुरते उठायचे, तेही मी काखेत हात घालून उठवलं तर. ऋतुराजने दुसरा टीव्ही मागवला, तो आला, त्याच जागी टांगला. मोठ्या बटणांचा रिमोटही आणला, बिचाऱ्याने दोन दुकानं फिरून. "बाबा, चला ना, बातम्या लागल्यात." हे म्हणाले, "नको." मी शिरा केला. "नको." पाय बारीक व्हायला लागले, मला तेल लावताना कळायचं. डॉक्टरांचे शब्द डोक्यात घण घालायचे. देवासमोर बसले की देवाशीच भांडायची, अरे, त्या एका काचेपायी माझा माणूस नेतोस?

घरात सगळे ह्यांच्याशी मऊ मऊ बोलायचे. असू दे बाबा, राहू दे बाबा, झोपा बाबा. कपाळाला हात लावायचीही गरज नव्हती. ताप ह्यांना नव्हता, आम्हालाच आलेला.

रविवारी सान्वी आजोबांच्या पलंगावर बसून दूधपोळी खात होती. खात कसली, एक घास आणि तीन उड्या. व्हायचं तेच झालं. अख्खा वाडगा चादरीवर. ऐश्वर्या आत आली ती कडाडतच.

"सान्वी! डोळे कुठे असतात गं तुझे? किती वेळा सांगितलं, खाताना एका जागी बस! आज क्रिकेट बंद!"

सान्वी आमच्याच रक्ताची. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तूच एवढा भरून दिलास! मी काय करू?"

"वर तोंड करून बोलतेस?"

"मग तू खोटं बोलतेस!"

मी फडकं घेऊन आत आले आणि दारातच थांबले. हे त्या दोघींकडे बघत होते. भुकेलेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो ना, तसे. कधी ह्या तोंडाकडे, कधी त्या तोंडाकडे. मग माझ्याकडे वळले. ओठ हलले. मी वाकले.

"तिला... ओरडता," हे म्हणाले.

"हो मग, दूध सांडलंय तिने."

घशात शब्द अडकलेला दिसत होता.

"मला... कोणीच... नाही."

अगं शेवंती, म्हटलं स्वतःला, काय केलंस हे तू! ह्या घरात कुणावर ओरडत नाहीत? एक पाहुण्यावर, आणि एक ज्याची वेळ भरत आलीय त्याच्यावर. हा माणूस पाहुणा नव्हता. मग आम्ही सगळ्यांनी मिळून, पाठीवरून हात फिरवून फिरवून, ह्याला काय सांगत होतो?

मी फडकं तिथेच टाकलं आणि ताडताड हॉलमध्ये आले. टीव्हीच्या बरोबर समोर उभी राहिले आणि पोटातून आवाज काढला.

"नवा कोरा टीव्ही! दोन दिवसांचा! पोराने हौसेने आणलेला! आणि ह्या माणसाने त्याला भाल्यासारखी काठी मारली! टीव्ही होता तो, रानडुक्कर नव्हतं!"

ऋतुराज बाल्कनीतून धावत आला. "आई, काय चाललंय? बाबा आत आहेत, ऐकू जातंय त्यांना!"

"जाऊ दे! त्यांनाच सांगतेय! जित्याची खोड! दिवा दिसला की दाब, दिवा दिसला की दाब! उद्या फ्रिजचा दिवा दिसेल, दाबतील! सिग्नलला गाडी थांबेल, दाबतील! माणसाने हाक मारावी की नाही? मी मेलेले का किचनमध्ये?"

"आई, त्यांचं बीपी!"

आतून काहीतरी आलं. शब्द नव्हता, नुसता आवाज होता. मी श्वास घ्यायलाही थांबले नाही.

"आणि वर रुसून बसलेत! आपणच फोडायचं आणि आपणच रुसायचं! चोर तो चोर वर शिरजोर!"

"तू!"

हा शब्द स्वच्छ आला. दीड वर्षात एवढा स्वच्छ शब्द मी ऐकला नव्हता. पलंग करकरला. भिंतीवर हात घासल्याचा आवाज आला. ऋतुराज निघाला, तर मी त्याचा शर्ट मागून मुठीत धरला आणि सोडला नाही. ऐश्वर्या आतल्या खोलीच्या दारातून बाजूला झाली, तिने तोंडावर हात धरलेला. सान्वी तिच्यामागून डोकावत होती.

आणि हे दारात आले. काठी नाही. डावा हात चौकटीवर, पाय थरथरतोय, चेहरा लालबुंद.

"तूच... वर... टांगलास!"

"म्हणजे चूक माझी?"

"तुझी! खाली... असता... तर?"

"वा रे वा! काठी तुमची आणि चूक माझी? सान्वीचा बॉल लागला असता मग?"

"बॉल... लागू दे! बटण... नाही... त्याला... टीव्ही... म्हणतात?"

"जग म्हणतं! तुम्ही एकटे शहाणे!"

"हो! मी... शहाणा!"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला मला फुरसत नव्हती. ऋतुराजचा शर्ट ताणला जात होता. त्याला बापाला धरायचं होतं, आणि मला बापाला उभं ठेवायचं होतं. टीव्हीचं भांडण आता संपत आलेलं, मला कळत होतं. मग मी डोंबिवलीच्या लग्नात हरवलेली छत्री काढली. ह्यांनी हात चौकटीवरून काढून हवेत उडवला, छत्री माझ्या भावाने नेली म्हणाले, आणि एक पाऊल पुढे टाकलं. मी माझ्या भावाची बाजू घेतली. ते संपायच्या आत करपलेलं दूध काढलं, मग चुकलेली एस.टी., मग माझ्या डोहाळजेवणाला हे उशिरा आले ते. मी एकेक काढत होते, पुरवून पुरवून, कारण जोपर्यंत मी भांडत होते तोपर्यंत हा माणूस उभा होता.